आज्जीचं ‘मी आलो’

गेल्या साली दिवाळी झाल्यावर माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. दवाखाना राजारामपुरीत, आणि धाकटा पोरगाही राजारामपुरीतच एका गल्लीत भाड्याच्या फ्लॅटात राहतो. म्हणून मी आणि आमची कारभारीण पंधरा दिवस तिकडं मुक्कामाला गेलो. उसाला तोड यायला अजून अवकाश होता, आणि शेताकडं थोरला होताच.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सांजच्याला नातीला घेऊन मेन रोडला गेलो. नात पाचवीत, इंग्रजी शाळेत. एका दुकानाच्या दारात काळे टी-शर्ट टांगले होते. एकावर लिहिलेलं ‘नाद खुळा’, दुसऱ्यावर ‘जाळ अन् धूर संगटच’, तिसऱ्यावर ‘विषय हार्ड’. नातीनं ‘नाद खुळा’वर बोट ठेवलं आणि हलेना. साडेतीनशे रुपये मोजले आणि घेतला.

घरी आलो. कारभारीण खाली भाजीला गेली होती. ती आमच्या मागोमाग जिना चढून आली आणि दारातनंच म्हणाली, “मी आलो गं बाळ, दार लावू नको.”

नात नवा टी-शर्ट घालून आरशापुढं उभी होती. तिथनंच ती म्हणाली, “आज्जी, ‘मी आलो’ नाही म्हणायचं. ‘मी आले’ म्हणायचं. ‘आलो’ मुलगे म्हणतात. मी वहीत तसं लिहिलं, तर मिसनी लाल गोल केला.”

सून हसली. पोरगा हसला. मी पण हसलो, हे इथं लिहायलाच पाहिजे. कारभारणीनं भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि मेथी निवडायला बसली. बोलली काहीच नाही.

बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगतो. कोल्हापूरच्या आजूबाजूच्या गावात बाईमाणूस स्वतःविषयी बोलताना ‘मी आलो, मी जातो, मी जेवलो’ असंच बोलतं. सांगलीकडंही असं बोलणाऱ्या बाया भेटतात. माझी आज्जी तशी बोलायची, आई तशी बोलायची, बायको तशी बोलते. ‘मी धार काढतो, तुमी वैरण टाका,’ असं बायकोनं म्हटल्यावर आमच्यात कुणाला त्यात इपरीत काही दिसत नाही. पुण्याचा माणूस मात्र दचकतो.

तसंच आमचं ‘सा’. मान द्यायचा असला की आम्ही म्हणतो, “आलासा? बसा की. जेवलासा का?” आमच्या गावात म्हाताऱ्या माणसाला कुणी ‘कुठं चाललासा?’ असं विचारलं, की तो पाच मिनिटं थांबून सांगतो. कुठं चाललाय ते विचारणाऱ्याला रोज ठाऊक असतं. तरी विचारायचं, आणि त्यानं सांगायचं. गावात नमस्कार-चमत्कार असाच असतो.

आणि शिव्या. आमच्या बापानं मला आयुष्यात कधी ‘बाळ’ म्हणून हाक मारली नाही. ‘मुडद्या’ म्हणायचा. राग आला तर माझं नाव घ्यायचा, ते सुद्धा पूर्ण. नाव ऐकलं की आम्ही भावंडं पळायचो आणि ‘मुडद्या’ ऐकलं की जवळ जायचो.

हे सगळं बोलणं राजारामपुरीत चालत नाही, हे मला वयाच्या चौदाव्या वर्षीच कळलं होतं. १९७४ साल असावं. घरी दोन म्हशी. पहाटे चारला उठून धारा, मग सायकलला दोन्ही बाजूनं किटल्या अडकवून दोन-अडीच कोस राजारामपुरी. शाहू मिलच्या भोंग्यावर आमचं घड्याळ. पेठांच्या गल्ल्यांना नावं, तालमी. राजारामपुरीच्या गल्ल्यांना मात्र नंबर. तिसऱ्या गल्लीत दोन लिटर, पाचव्या गल्लीत दीड लिटर, असं मी पाठ करून ठेवलेलं. तेव्हा तिथं बरेच बंगले होते. फाटक, फाटकाच्या आत बाग, बागेच्या आत व्हरांडा. वकील, डॉक्टर, प्राध्यापक असली गिऱ्हाइकं.

एका बंगल्यात प्राध्यापकांच्या बायको होत्या. मी फाटकातनं ओरडायचो, “काकू, भांडं आणा की!” आठ दिवस त्यांनी ऐकून घेतलं. नवव्या दिवशी म्हणाल्या, “अरे, रोज एवढी घाई काय करतोस? आणते आहे ना.”

मला समजेचना. मी घाई कुठं केली होती? आमच्यात नुसतं ‘भांडं आणा’ म्हटलं तर तो हुकूम होतो. मागं ‘की’ लावला की बोलणं मऊ पडतं, आग्रहाचं होतं. ‘या की, बसा की, खावा की.’ त्यांच्या कानाला तोच ‘की’ टोचत होता.

दुसऱ्यांदा उशीर झाला. त्यांनी विचारलं, “आज का रे उशीर?” मी म्हणालो, “वगळीत चाक तटलं.” त्या म्हणाल्या, “काय झालं चाकाला?” मी म्हणालो, “तटलं.” त्या म्हणाल्या, “फुटलं का?” मी म्हणालो, “न्हाई, तटलं.” शेवटी मी सायकल आडवी धरून, चाक हातानं दाबून दाखवलं. तेव्हा त्या हसत म्हणाल्या, “अडकलं म्हण की!” आणि त्यांच्याच तोंडातनं ‘की’ गेला, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

बाई मनानं चांगल्या होत्या. त्यांनीच मला एकदा आनंद यादवांचं ‘गोतावळा’ वाचायला दिलं. १९७१ साली ते छापून आलं होतं. म्हणाल्या, “वाच, हे तुमच्याकडचंच आहे.” यादव कागलचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. अख्खी कादंबरी शेतावरचा गडी नारबा आपल्याच बोलीत सांगतो. मी गोठ्यात बसून वाचली. गोष्टीपेक्षा जास्त मला आमचं बोलणं छापलेलं बघून नवल वाटलं. जे बोललं की पोरं हसत होती, ते कुणीतरी कागदावर उतरवलं होतं, आणि पुस्तक विकत घेऊन बंगल्यातली माणसं वाचत होती.

पण पुस्तक वाचून धीर यावा इतकं माझं वय नव्हतं. मी दोन जिभा केल्या. राजारामपुरीच्या फाटकात ‘दूध आणलंय, उद्या येणार नाही,’ आणि परत सायकलवर टांग टाकली की ‘म्हस आटलीया, उद्या न्हाई येनार.’ रिकाम्या किटल्या वाजायला लागल्या की माझी खरी जीभ सुटायची.

आता पुन्हा मोतीबिंदूकडं येतो. ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी, नंतर काळा चष्मा. टीव्ही बघायचा नाही, पेपर वाचायचा नाही. डोळे बंद असले की माणूस कानानं घर बघतो. तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं, की घरात कारभारणीचा आवाजच नाही.

गावाकडं ती दिवसभर बोलत असते. म्हशीसंगं बोलते, चुलीसंगं बोलते, वाटेनं चाललेल्या माणसाला थांबवून बोलते. इथं भांड्यांचा आवाज येत होता, बांगड्यांचा येत होता, पण तिचा नाही. सुनेच्या बँकेतल्या दोघीजणी मला बघायला आल्या. हिनं चहा दिला. त्यातली एक चांगली गोड बोलली, “काकू, गावाकडून कधी आलात?”

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. ती माझ्याकडं बघत असणार. मीच म्हणालो, “चार दिवस झाले.”

पाहुण्या गेल्यावर मी विचारलं, “का गं, बोलली न्हाईस?”

ती म्हणाली, “काय बोलू? आलो म्हटलं तरी चुकतंय, जातो म्हटलं तरी चुकतंय. ‘आले, गेले’ म्हणाय गेलं तर जीभ तटती. मंग गप बसल्यालं बरं. पोरीला चार माणसात खाली बघाय नको.”

ते ऐकलं आणि पन्नास वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली. मी ती आजवर कुणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही.

मी तेव्हा शहरातल्या एका हायस्कुलात होतो. दहावीचं वर्ष. फी माफीच्या अर्जावर पालकाचा अंगठा पाहिजे होता. बा फडावर होता म्हणून आई आली. मेथी-पोकळ्याच्या पेंड्या विकून, रिकामं पोतं घडी करून काखेत मारून ती शाळेच्या हापिसात आली. खिडकीपुढं पोरांची रांग. कारकुनानं विचारलं, “पालक आलेत का?”

आई पुढं झाली. म्हणाली, “मी आलो न्हवं. कुटं आंगठा लावायचा ते सांगा, लावतो.”

कारकुनानं चष्म्यावरनं बघितलं. “आलो? लावतो?” म्हणाला. “तुम्ही बाई का बाप्या?”

रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. आईला वाटलं काहीतरी गमतीचं झालं, म्हणून ती पण हसली. तेच मला सोसलं नाही. मी तिच्या दंडाला धरून मागं ओढलं आणि म्हणालो, “आई, तू बोलू नगंस. मी बोलतो.”

तिनं अंगठा लावला. शाई पोत्याला पुसली. घरापर्यंत माझ्या मागनं चालत आली. रागावली नाही, काही नाही. पण त्यानंतर एक झालं. राजारामपुरीत रस्त्याकडंला पोतं हातरून ती भाजी विकायची, तेव्हा तिचा आवाज चार दुकानं पलीकडं जायचा. “घ्या की ताई, कवळा पोकळा हाय, आत्ताच काढून आनलोय!” मी रतीब घालून रिकाम्या किटल्या घेऊन तिथनं जायला लागलो, की मला लांबनं बघून ती गप व्हायची. गिऱ्हाईक समोर असलं तरी बोटानं भाव सांगायची. मी वळून पुढं गेलो की मागनं पुन्हा आवाज यायचा. मी दहावी होऊन शाळा सोडली तरी हे चालूच राहिलं. ‘आई, बोल की,’ असं मी एकदा म्हणायला पाहिजे होतं. म्हणालो नाही. आता ती नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नात शाळेतनं आली तेव्हा तिला जवळ बसवलं. ओरडायचं नाही, असं मनात पक्कं केलं होतं. तिची तरी काय चूक? शाळेनं सांगितलं ते तिनं घरी सांगितलं.

मी विचारलं, “तुझ्या टी-शर्टावर लिहिलंय, त्याचा अर्थ काय गं?”

“म्हणजे भारी. एकदम भारी.”

“आणि ते दुसरं, जाळ अन् धूर?”

“ते पण भारीच.”

मग मी तिला गुऱ्हाळ सांगितलं. काहिलीत रस, खाली चुलवाण, चुलवाणात चिपाडं ढकलणारा चुलव्या. चिपाडं ओली असली तर नुसता धूर होतो. वाळली असली की भडका उडतो. जाळ आणि धूर एकदमच उठला, तर माणसाला सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून झटक्यात काम करणाऱ्या माणसाला आम्ही म्हणतो, ‘त्याचं म्हंजे जाळ आनि धूर संगटच.’ आणि नाद म्हणजे वेड. कुणाला कुस्तीचा नाद, कुणाला बैलांचा, कुणाला फुटबॉलचा. खुळा म्हणजे वेडाच. त्याचा नादसुद्धा खुळा, असलं ते. मी तिला म्हणालो, “हे शब्द कुणाचे? गुऱ्हाळावरच्या, तालमीतल्या माणसांचे. तुझ्या आज्जीच्या आजूबाजूच्या माणसांचे. ते छातीवर लिहिले की भारी, आणि आज्जी तोंडानं बोलली की चूक?”

ती म्हणाली, “पण आबा, ते स्लँग आहे. आज्जीचं ग्रामर चुकतं.”

पोरगी हुशार आहे. मला वाटलं, आता हिला हिच्याच शाळेतलं विचारावं. म्हणालो, “इंग्रजीत मुलगा ‘मी आलो’ कसं म्हणतो?”

“आय केम.”

“आणि मुलगी?”

“आय केम.” ती थांबली. “सेमच आहे.”

“मग इंग्रजीच्या बाईंनी लाल गोल केला का कधी?”

ती हसायला लागली. मी म्हणालो, “बरं, मराठीचंच घे. तुम्ही मैत्रिणी मिळून खेळून आला, तर काय म्हणता? ‘आम्ही आले’?”

“नाही. आम्ही आलो.”

“सगळ्या पोरी असून?”

“हो.”

“दहा पोरींनी मिळून ‘आलो’ म्हटलं तर बरोबर, आणि एकट्या आज्जीनं म्हटलं तर बाप्या?”

यावर ती बराच वेळ गप्प. मग मी तिला माझ्या आत्याची गोष्ट सांगितली. आत्या निपाणीकडं दिलेली. १९५६ साली राज्यांच्या हद्दी नव्यानं आखल्या, तेव्हा निपाणी म्हैसूर राज्यात गेली, पण सोयरिकी कुठं जातात? आत्याच्या शेजारी कानडी घरं. कानडीत बाई असो की बाप्या, ‘मी आलो’ला एकच, ‘नानु बंदे’. आम्ही अण्णा म्हणतो, अक्का म्हणतो, ते कानडीतनंच आलं. ‘मी आलो’ पण त्याच वाटेनं आलं असेल, असा माझा आपला अंदाज. मी दहावी शिकलेला माणूस, छातीठोक कुठनं सांगू? पण एवढं ठाऊक आहे, की हे कुणा एका बाईच्या अडाणीपणातनं झालेलं नाही. गावंच्या गावं पिढ्यानपिढ्या असं बोलत आली आहेत.

नातीनं मग एक प्रश्न विचारला, आणि त्यानं मला अडवलं. “मग आबा, मी पेपरात काय लिहू?”

इथं खोटं बोलायचं नव्हतं. म्हणालो, “पेपरात ‘आले’ लिही. लाल गोल नको, मार्क पाहिजेत. छापायचं, लिहायचं बोलणं सगळ्या मुलखाला कळावं लागतं, त्याला एक शिस्त लागते. पण आज्जीचं तोंड म्हणजे तुझी वही न्हवं. तिथं लाल गोल करायचा न्हाई.”

हे मी नातीला सांगितलं खरं, पण माझं तरी काय? हा लेख लिहिताना वर बायकोचं बोलणं लिहायला घेतलं, तर हातानं आपोआप ‘मी आले गं बाळ’ असं लिहून टाकलं. वाचून बघितलं तेव्हा कळलं, हे तिचं बोलणंच नव्हे. खोडून पुन्हा ‘आलो’ केलं. पन्नास वर्षं राजारामपुरीच्या फाटकापुढं उभा राहून राहून माझ्या हातालाही सवय लागली आहे. माझं स्वतःचं लिहिणं तुम्ही बघताच आहात, अर्धं फाटकाच्या आतलं, अर्धं बाहेरचं.

आणि लोकांना आमचं बोलणं आवडत नाही असंही नाही. २०१६ साली ‘तुझ्यात जीव रंगला’ मालिका लागली. त्यातला राणादा ‘चालतंय की’ म्हणायचा. आमचे मुंबईचे पाहुणे जत्रंला आले ते गाडीतनं उतरतानाच ‘चालतंय की’ म्हणत. ज्या ‘की’वरनं मी बोलणी खाल्ली, तो ‘की’ आता मुंबईत फिरतोय. राजारामपुरीत गणपतीची आगमनाची मिरवणूक निघते, तिथं पोरं एकमेकाला आमच्याच शब्दांनी हाका मारतात. त्याचा मला आनंदच आहे. पण टी-शर्टावर येतं ते पैलवानी बोलणं, मिशीवर ताव मारलेलं. ‘जेवलासा का?’ टी-शर्टावर येत नाही. ‘आत्ताच काढून आनलोय’ येत नाही. बाया जे रोज बोलतात, त्याला गिऱ्हाईक नाही.

आठव्या दिवशी दवाखान्यात दाखवायला जायचं होतं. पोरगा कामावर, सून बँकेत. आम्ही दोघंच चालत गेलो. मला काळा चष्मा, तिनं माझा हात धरलेला. दवाखान्यात काचेपलीकडं एक पोरगी बसलेली. तिनं माझं नाव कागदावर लिहून घेतलं आणि विचारलं, “पेशंटबरोबर कोण आलंय?”

कारभारणीनं माझ्याकडं बघितलं. चष्म्यातनं सगळं काळंच दिसत होतं, पण एवढं दिसलं. उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. ‘माझी बायको आहे’ एवढंच म्हणायचं होतं. बाकावर दहाबारा माणसं बसली होती. मी ओठ मिटून घेतले आणि खाली फरशीकडं बघत राहिलो.

जरा वेळानं ती म्हणाली, “मी आलोय की.”

काचेपलीकडच्या पोरीनं मान वर केली नाही. तिनं लिहिलं आणि म्हणाली, “बसा की मावशी. चहा घेतलासा का? डॉक्टर यायला अर्धा तास हाय.”

“कुटली गं तू?” कारभारणीनं विचारलं.

“मुरगूडची.”

“मुरगूडची? आगं, माझी थोरली भन दिलीया तिकडं! बाजारपेठंच्या मागं घर हाय बग...”

अर्धा तास म्हणता म्हणता पाऊण तास गेला. मुरगूडची सगळी घरं झाली, बहिणीची नातवंडं झाली, म्हशीचं दूध कमी झालंय ते झालं. बाकावरची माणसं ऐकत होती. कुणी हसलं असेल, कुणी नसेल. मी बघितलं नाही. आठ दिवसांचं साठलेलं ती बोलत होती, आणि मी तिच्या शेजारी बसून ऐकत होतो.